सौरपंप आणि शेतकऱ्याचे भांडवल

गव्हाच्या दिवसांत मध्यरात्र उलटून गेल्यावरही पुष्कळ गावांच्या शिवारांत विजेरीचा उजेड हिंडताना दिसतो. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे पिकाला पाणीही रात्रीच द्यावे लागते. थंडीची वा विंचूकाट्याची तमा बाळगून भागत नाही. ज्याच्या विहिरीपर्यंत वीजच पोहोचलेली नाही, त्याला डिझेलच्या इंजिनाखेरीज उपाय नसतो. आणि याच शेतकऱ्याच्या डोक्यावर वर्षातील बहुतेक दिवस लख्ख ऊन तळपत असते. त्या उन्हावर पंप चालतो, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. प्रश्न उरतो तो पैशाचा.

या प्रश्नाचे मूळ नीट ध्यानात घेतले पाहिजे. डिझेलचे इंजिन घेताना शेतकरी केवळ यंत्र विकत घेतो. इंधन तो गरजेप्रमाणे डब्याडब्याने आणतो. सौरपंप घेताना मात्र पुढील वीसपंचवीस वर्षांचे इंधनच जणू पहिल्या दिवशी एकरकमी विकत घ्यावे लागते. ऊन फुकट आहे. त्यापासून वीज करणारी तावदाने फुकट नाहीत. म्हणून सौरपंपाचा विचार हा प्रथम भांडवलाचा विचार होय.

हे भांडवल उभे करण्याचा पहिला मार्ग सरकारी अनुदानाचा. केंद्र सरकारने 2019 मध्ये ‘पीएम-कुसुम’ ही योजना सुरू केली. स्वतंत्र सौरपंपासाठी तीत जी वाटणी ठरली, ती सर्वसाधारणपणे अशी होती : मान्य किमतीचे शेकडा 30 केंद्राने, निदान शेकडा 30 राज्याने आणि उरलेले शेकडा 40 शेतकऱ्याने द्यावयाचे, या 40 पैकी 30 पर्यंत बँकेचे कर्ज मिळावे. समजा, पंपाची मान्य किंमत 3 लाख रुपये धरली, तर 1 लाख 80 हजार अनुदानाचे, 90 हजार कर्जाचे आणि 30 हजार पदरचे, असा हिशेब होतो. पण येथेच पुष्कळांची फसगत होते. पदरचे 30 हजार म्हणजे पंपाची किंमत असे समजून शेतकरी निघतो, आणि 90 हजारांचे हप्ते सव्याज फेडावयाचे आहेत, हे त्याच्या मागाहून ध्यानी येते. डिझेलवर वर्षाला किती खर्च होतो आणि हप्ता किती पडेल, हे दोन आकडे कागदावर शेजारी मांडल्यावाचून अर्जावर सही करू नये.

दुसरा मार्ग कर्जाचा. वीजजोडणी असलेल्या शेतीपंपांना सौरशक्तीची जोड देण्यासाठी शेतकऱ्यांना दिलेली कर्जे रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये अग्रक्रमाच्या क्षेत्रात घातली. तथापि बँकेच्या दारात सातबारा स्वच्छ लागतो. वारसाची नोंद राहून गेलेली, भावाभावांची वाटणी कागदावर न उतरलेली, जुनी थकबाकी चढलेली. अशा शेतकऱ्याला योजना कितीही उदार असली तरी हात हलवीत परतावे लागते. तेव्हा मदतीचा शोध तलाठ्याच्या दप्तरापासून सुरू करणे शहाणपणाचे.

तिसरा मार्ग सहकाराचा, आणि तोच सर्वांत विचारार्ह आहे. बडोदे शहरात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 1889 मध्ये अन्योन्य सहायकारी मंडळीचा पाया घातला, हे तेथील मराठी माणसांना सांगावयास नको. त्याच गुजरातेत, खेडा जिल्ह्यातील धुंडी गावी, सव्वाशे वर्षांनंतर सहा शेतकऱ्यांनी सौरऊर्जेची सहकारी मंडळी स्थापन केली. पूर्वी त्यांचे पाणी डिझेलच्या इंजिनांवर निघत असे. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेने मोठा आर्थिक भार उचलला. शेतकऱ्यांनीही आपला वाटा घातला. मे 2016 पासून ओलीत करून उरलेली वीज ही मंडळी वितरण कंपनीला विकू लागली. दर युनिटला 4 रुपये 63 पैसे ठरला. त्यावर संस्थेने काही अधिलाभ दिला. मोबदल्यात सभासदांनी स्वस्त सरकारी वीजजोडणीवरील हक्क 25 वर्षांसाठी सोडला.

या प्रयोगाचे मर्म केवळ पैशात नाही. सौरपंपाला चालविण्याचा खर्च नसतो. त्यामुळे तो दिवसभर चालू ठेवण्याचा मोह अनावर होतो आणि विहिरींचे पाणी खोल जाते. धुंडीत मात्र जी वीज पाणी उपसण्यात गेली नाही, तिचे पैसे झाले. पाणी वाचविण्यात शेतकऱ्याचाच लाभ ठरला. अर्थात, प्रत्येक गावाला अशी पाठीराखी संस्था लाभणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. परंतु एकट्याच्या अर्जाला जे वजन येत नाही, ते दहा जणांच्या मंडळीला येते. दुरुस्तीचा करार आणि दराची बोलणी करणेही तिला सोपे जाते.

एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. कुसुम योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडून नोंदणीचे पैसे उकळले जात असल्याचा इशारा खुद्द केंद्रीय मंत्रालयाने दिला होता. राज्याराज्यांचे नियम निराळे असतात आणि ते बदलतही असतात. म्हणून बेळगावच्या शेतकऱ्याने कोल्हापूरच्या पाहुण्याच्या सांगण्यावर, किंवा इंदूरच्या शेतकऱ्याने जळगावच्या व्याह्याच्या माहितीवर विसंबू नये. आपापल्या राज्याच्या अधिकृत कार्यालयात चौकशी करावी, आणि पावती हातात पडल्याशिवाय रुपयाही देऊ नये.

सारांश, आधी विहिरीच्या पाण्याचा अंदाज, मग खर्चाचा हिशेब, मग कागदपत्रे आणि शेवटी अनुदानाचा अर्ज, असा क्रम राखावा. ज्याने तो उलटा केला, त्याच्या शेतात तावदाने चमकतील. परंतु त्यांखालची विहीर कोरडी असेल. ज्याने तो सांभाळला, त्याची रात्र मात्र पुन्हा झोपेची होईल.