निळ्या रंगाची बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृती सांगते, कोणी प्रवासवर्णन वाचते. यंदा मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मी युरोपातल्या जुन्या पोथ्यांविषयी बोलेन. दोघीतिघी हसल्या. सातवी शिकलेल्या बाईला हे कुठून सुचले, असे त्यांना वाटले असेल. माझी भाची इंग्रजी वाचते. तिने मला एक हकीकत वाचून अर्थ सांगितला आणि ती डोक्यातून जाईना. मग मी तिच्याकडून आणखी माहिती काढत राहिले. तीच आज तुमच्यापुढे ठेवते.

छापखाना निघण्यापूर्वी तिकडे धर्मग्रंथ हातानेच लिहीत. आपल्याकडेही पोथ्या लिहीत, पण आपला कागद किंवा ताडपत्र, त्यांचे कातडे. वासराचे, मेंढीचे, बकरीचे. सोवळ्यातल्या आजींनी कान झाकून घ्यावेत! ते कातडे चुन्याच्या पाण्यात कित्येक दिवस भिजवायचे, केस खरवडायचे, मग लाकडी चौकटीवर दोऱ्यांनी ताणून अर्धचंद्रासारख्या सुरीने पातळ करायचे. मोठ्या बायबलाला शंभरावर जनावरांची कातडी लागत. लेखणी हंसाच्या पिसाची. आणि शाई कशाची म्हणाल तर मायफळाची. आपण बाळगुटीत उगाळतो तेच मायफळ. त्याच्या काढ्यात हिराकस घातली की पाणी काळे होते, आणि डिंकाने ते पानाला धरते. इतक्या लांबच्या गोष्टीत आपल्या गुटीच्या डब्यातला जिन्नस निघाला, याचे मला फार नवल वाटले.

प्रकरणाचे पहिले अक्षर मोठे काढून त्यात वेलबुट्टी, पक्षी, संत, येशू आणि त्याची आई मेरी यांची चित्रे भरत. त्यावर सोन्याचा वर्ख. वर्ख बसवायच्या जागी खडूसारखा लेप देत, त्यावर तोंडाची वाफ सोडून तो ओलसर करत आणि वर्ख चिकटला की कुत्र्याच्या दाताने किंवा गुळगुळीत दगडाने घासून चकाकी आणत. मेणबत्तीच्या उजेडात पान उघडले की ते लखलखे. म्हणून या पोथ्यांना इंग्रजीत उजळलेल्या पोथ्या अशा अर्थाचे नाव आहे.

सोन्याइतकाच मान होता निळ्या रंगाला. तो लाजवर्द नावाच्या दगडाचा. हा दगड अफगाणिस्तानात बदकशानच्या डोंगरात मिळतो. तिथून हजारो मैल, व्यापाऱ्यांच्या हातोहात तो युरोपात जाई. समुद्रापलीकडून आलेला, असेच त्या रंगाचे तिकडचे नाव. मेरीच्या अंगावरचा शेला रंगवायला हाच निळा वापरत. आपल्या अजिंठ्याच्या भिंतींवरचा निळा रंगही याच दगडाचा आहे, हे सहज सांगून ठेवते.

दगड नुसता कुटला तर भुकटी करडी होते. इटलीत चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या चित्रकाराने सुमारे १४०० साली याची कृती लिहून ठेवली आहे. ती भुकटी मेण, राळ आणि तेल यांच्या गोळ्यात मिसळायची, कणीक तिंबावी तशी तिंबायची आणि मग राखेच्या पाण्यासारख्या खारट पाण्यात गोळा दाबत राहायचा. निळा रंग पाण्यात उतरतो, घाण गोळ्यात राहते. पहिल्या हाताचा रंग सर्वांत गर्द, पुढेपुढे फिका. नारळाचे पहिले दूध दाट निघते, तसेच. या गृहस्थाने असेही लिहिले आहे की हे काम पुरुषांपेक्षा तरुण मुली चांगले करतात, कारण त्या सदा घरात असतात आणि त्यांचे हात नाजूक. मात्र म्हाताऱ्या बायकांपासून सावध राहावे! आम्ही चाळिशी ओलांडलेल्या त्यांच्या कुठल्या यादीत बसतो, कोण जाणे.

आता ती हकीकत. जर्मनीत दालहाइम नावाच्या गावी पूर्वी स्त्रियांचा एक लहानसा मठ होता. चौदाव्या शतकात तो लढाईत जळाला. तिथली एकही पोथी उरली नाही. मागे राहिली ती फक्त पुरलेल्या जोगिणींची हाडे. त्यांतली एक बाई पंचेचाळीस ते साठ वर्षांची असताना वारली होती. सन ९९७ ते ११६२ यांच्या मधला तो काळ. त्या वेळच्या लोकांचे खाणेपिणे काय होते ते पाहावे म्हणून संशोधकांनी तिच्या दातांवरचे किटण काढून विरघळवले, तर दुर्बिणीखाली निळे निळे कण दिसू लागले. शंभरावर कण. तपासाअंती ठरले की हा लाजवर्द. २०१९ साली ही माहिती प्रसिद्ध झाली.

हे कण दातांवर कसे आले? आपण सुईत दोरा ओवताना काय करतो? टोक ओठांत धरून ओले करतो. तीही कुंचल्याचे टोक तशीच ओठांनी बारीक करत असली पाहिजे. एकदा नव्हे, वर्षानुवर्षे. इतका महाग रंग नवशिक्याच्या हाती कोणी देत नाही. म्हणजे ही बाई चांगली कसबी असली पाहिजे. रंग कुटताना भुकटी तोंडात गेली असेल, अशीही एक शक्यता तपासणाऱ्यांनी मांडली आहे, आणि ती मला मान्य आहे. रंग करणे हेही कसबच. पण ही बाई तिथली झाडलोट करणारी असेल आणि झाडताना रंग उडून तोंडात गेला असेल, असेही एकाने सुचवले म्हणे! हे मात्र ऐकून मी जागच्या जागी उठून बसले. दातांवर निळा रंग घेऊन ती हजार वर्षे पडून राहिली, तरी तिच्या हाती द्यायची ती केरसुणीच.

बाराव्या शतकापूर्वीच्या पोथ्यांत बाईच्या हातची म्हणून ठामपणे सांगता येतील अशा शंभरात एकसुद्धा नाहीत. बहुतेक लिहिणाऱ्यांनी नावे घातलीच नाहीत, आणि नाव नाही म्हणजे पुरुषाचेच काम, असे सगळे धरून चालले.

तरी काही जणींची नावे सापडतात. स्पेनमध्ये हिरोना शहराच्या मोठ्या देवळात ९७५ सालची एक पोथी आहे. तिच्या शेवटी चित्र काढणाऱ्यांत एंडे या बाईचे नाव येते. जर्मनीतल्या बाराव्या शतकातल्या गुडा नावाच्या जोगिणीने तर अक्षराच्या पोटात स्वतःचेच चित्र काढले आणि सोबत लिहिले की मी पापी बाई, पण ही पोथी लिहिली मी आणि चित्रेही काढली मी. पापी म्हणवून घ्यायचे, पण काम माझे हे सांगायचे चुकवायचे नाही! मला ही बाई फार आवडली. औग्सबुर्गकडच्या एका पोथीत क्लारिसिया नावाची मुलगी अक्षराच्या शेपटीला लोंबकळते आहे, झोक्यावर बसल्यासारखी. अंगात लांब बाह्यांचा झगा, पाठीवर वेण्या. जोगीण नव्हेच, शिकायला आलेली पोर असावी.

आणि आल्सासच्या होहेनबुर्ग मठाच्या प्रमुख हेराड बाईंनी बाराव्या शतकात आपल्या जोगिणींना शिकवण्यासाठी मोठा ग्रंथ रचला. तीनशेच्या वर चित्रे. एका पानावर मठातल्या साऱ्या जणींचे चेहरे, साठेक तरी असतील, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तिचे नाव. १८७० साली स्ट्रासबुर्ग शहरावर तोफा डागल्या गेल्या, तेव्हा ग्रंथालयाबरोबर ही पोथी जळून गेली. आधी काही लोकांनी तिची चित्रे उतरवून घेतली होती, म्हणून ते चेहरे आणि ती नावे आज आपल्याला ठाऊक आहेत.

आता मंडळाच्या कामाचे थोडे बोलते. या व्यासपीठामागचा कशिद्याचा पडदा सगळ्यांनी वाखाणला. मागच्या स्मरणिकेत त्याविषयी ‘मंडळाच्या भगिनींनी तयार केला’ एवढेच छापले होते. तो सात जणींनी चार महिने दुपारच्या झोपा मोडून भरला आहे. त्यांतल्या दोघी आज आपल्यात नाहीत. मोराचा पिसारा कोणी भरला आणि काठ कोणी, हे मला माहीत आहे, कारण दोरे निवडायला मी होते. आणखी दहा वर्षांनी कोणाला विचारणार? मी सातही नावे, प्रत्येकीचे स्वतःचे नाव आधी, नुसते ‘सौ. अमुक’ नव्हे, कागदावर लिहून आणली आहेत. तो कागद चिटणीस बाईंकडे देते. यंदाच्या स्मरणिकेत पडद्याच्या फोटोखाली तो छापावा, अशी माझी विनंती आहे.

माझे बोलणे संपले. पडदा जवळून पाहायचा असेल त्यांनी चहापूर्वी पाहून घ्यावा, नंतर हात ओले असतात.