नाळ कापल्यानंतर

मूल जन्मले, सुईणीने नाळ कापली, की माता आणि अपत्य हे दोन स्वतंत्र देह झाले, असे आपण धरून चालतो. शरीरशास्त्राचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. गर्भाच्या काही पेशी वारेतून मातेच्या रक्तात उतरतात आणि त्यांतल्या काही तिच्या देहात वर्षानुवर्षे वस्ती करून राहतात. या अवस्थेला शास्त्रज्ञांनी ग्रीक पुराणातील सिंह, बोकड आणि सर्प मिळून झालेल्या कायमेरा या राक्षसी प्राण्याचे नाव दिले आहे. आई-लेकरांच्या संदर्भात मला ते फारसे रुचत नाही.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्मोर्ल यांना १८९३ मध्ये, गरोदरपणातील आकडीने दगावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी आढळल्या. अशा परक्या पेशी किती काळ टिकतात, हे कळायला आणखी शतक जावे लागले. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. स्त्रीच्या पेशीत वाय गुणसूत्र नसते. ते सापडले, तर ती पेशी बहुधा तिच्या मुलाची. मुलींच्या पेशीही राहतात, पण त्या मातेच्या पेशींतून निवडणे कठीण. १९९६ मध्ये अमेरिकेतील डायना बियांची यांनी पुत्रजन्मानंतर २७ वर्षांनीही अशा पेशी मातेच्या रक्तात दाखवून दिल्या. २०१२ मध्ये ५९ मृत स्त्रियांच्या मेंदूंच्या तपासणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३७ जणींच्या मेंदूंत पुरुषी डीएनए मिळाले. त्यांतली एक ९४ वर्षांची होती.

आता श्रोतेहो, या पाहुण्यांमुळे मातेचे भले होते की बुरे? कातडी कठीण होत जाणाऱ्या स्क्लेरोडर्मा या विकाराने ग्रासलेल्या स्त्रियांत त्या अधिक प्रमाणात आढळल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि संशय त्यांच्यावर गेला. पण निरोगी स्त्रियांतही त्या असतात. शिवाय उंदरांवरील प्रयोगात मातेच्या हृदयाला इजा होताच गर्भाच्या पेशी तेथे पोहोचल्या आणि त्यांतल्या काहींचे हृदयाच्या स्नायूंत रूपांतर झाले. पंचनामा करणाऱ्याला ठाऊक असते, की जळत्या घरापाशी सापडलेला प्रत्येक माणूस आग लावणारा नसतो. पाण्याची घागर घेऊन धावलेलाही तेथेच सापडतो. कोणता आजार या पेशींमुळे झाला आणि कोणत्या आजारात त्या डागडुजीसाठी आल्या, हा निवाडा अद्याप व्हायचा आहे.

गर्भ पूर्ण दिवसांचा झाला नाही, तरीही त्याच्या पेशी मागे राहू शकतात. म्हणून अशा संशोधनात स्त्रीला ‘मुले किती?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘दिवस किती वेळा गेले होते?’ हेही हळुवारपणे विचारावे लागते.