इंटरनेटवरील मोफत साधने आणि आपले शिक्षक



मी बँकेतला कारकून. ‘मोफत’ हा शब्द दिसला की प्रथम खालच्या बारीक अक्षरातल्या अटी शोधतो. पण शिक्षकांसाठी इंटरनेटवर जे साहित्य आहे, ते खरोखर मोफत आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मिळतात. वाईला आकाराला आलेला मराठी विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ २०१७ पासून आहे. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडसाठी धडपडलेले परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली १० लाख डॉलर्सचा जागतिक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली.

या साधनांचे करायचे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथन कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. त्यात १९०१ च्या सुमाराचा प्रसंग आहे. बालवयातले भीमराव घरातल्या इतर मुलांसह वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनीच हाकायची असे ठरले. शिदोरी जवळ होती, पण वाटेत पाणी कोणी देईना. मुले उपाशी झोपली.

हे मसूर आपल्या किर्लोस्करवाडीच्याच रेल्वेमार्गावर, कऱ्हाडच्या पलीकडे आहे. पुण्याला जाताना आपल्या मुलांनी ती पाटी खिडकीतून पाहिलेली असते. शिक्षकांनी नकाशा उघडून त्यावर बोट ठेवावे, ते इंग्रजी पान वर्गात वाचावे, मुलांकडून मराठीत उतरवून घ्यावे. इंग्रजी, भूगोल, इतिहास एकाच तासात! भिंतीवर तासभर चित्रफीत लावून ठेवणे, याला मी तरी शिकवणे म्हणत नाही.

आता अट. फोन हवा आणि त्यात रिचार्ज हवा. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर आला. ज्या घरात फोन एकच, आणि तोही वडिलांबरोबर उसाच्या फडात, तिथल्या मुलीचा अभ्यास रात्री आठनंतर. पाठवणाऱ्याच्या लेखी मात्र धडा ‘पाठवला’ होता. विहीर भरलेली, पोहरा दुसऱ्याच्या हाती. २० मार्च १९२७ चे चवदार तळे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून मंडळाकडे माझी मागणी साधी आहे. विहाराच्या वाचनालयात एक संगणक ठेवावा, जुना चालेल. पाठ्यपुस्तके आणि बाबासाहेबांचे लेखन त्यात एकदाच उतरवून घ्यावे. उतरवलेली पीडीएफ वाचायला इंटरनेट लागत नाही. शिक्षकांनी पेन ड्राइव्हवर न्यावे, ज्याला कागद हवा त्याने झेरॉक्स काढावी. अकरावी-बारावीच्या मुलामुलींनी रविवारी दोन-दोन तासांची पाळी लावून घ्यावी. एक पेन ड्राइव्ह मी आजच चिटणीसांकडे देत आहे. मसूरचे प्रकरण त्यात आहे.

जयभीम!