हिरवळीचे राखणदार

गोल्फच्या मैदानावर नाव होते खेळाडूचे. हिरवळ राखणारा माळी अनाम राहतो. त्याची विद्या मात्र लहान नाही. रायापूरहून हुबळी ओलांडून पूर्वेस गेले की काळी माती लागते. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तीवर ‘ग्रीन’ करावयाचे तर वाळूचा थर घालावा लागतो. त्यावर वाढते ती आपल्या बांधावरचीच हरळी. तिच्या संकरापासून अमेरिकेत टिफ्टन येथे काढलेल्या बारीक पात्याच्या वाणांना बी धरत नाही. काड्या लावूनच ते वाढवितात व तीन-चार मिलिमीटरवर कापतात. भर उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकले तरी हिरवळ करपू लागते. १९२६ साली अमेरिकेतील राखणदारांनी आपला संघ स्थापिला. एकाने ओळखलेला रोग दुसऱ्यास कळला, तर त्याचेही मैदान वाचते. आपल्याकडील माळ्यांनाही असे एकत्र बसण्याची सवड आणि मान मिळावयास हवा. हातांतली विद्या त्या हातांबरोबरच लोपू नये.