बायकांचा पुरस्कार पुरुषाला चालतो, उलट का नाही?

फिफा ही जागतिक फुटबॉल संघटना २०१० पासून दरवर्षी दोन सर्वोत्तम प्रशिक्षक निवडते: एक पुरुषांच्या फुटबॉलमधला, एक महिलांच्या. वाटणी खेळणाऱ्यांवरून आहे, शिकवणाऱ्यावरून नाही. म्हणून २०११ मध्ये जपानचे नोरिओ सासाकी महिलांच्या फुटबॉलचा पुरस्कार घेऊन गेले. पुढे आणखी दोन पुरुष. घेऊ देत, काम चोख होतं. पुरुषांच्या फुटबॉलचा मात्र आजवर एकाही बाईला नाही. कसा मिळणार? मोठा पुरुष संघ बाईच्या हाती कुणी देईल तेव्हा ना!

बायकांचे संघ तरी कुठे आपल्या हाती? २०२३ च्या महिला विश्वचषकात ३२ पैकी फक्त १२ संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या.

२०२१ मध्ये इंग्लंडमधल्या तिसऱ्या श्रेणीच्या एका पुरुष संघासाठी चेल्सी महिला संघाच्या एमा हेज यांचं नाव निघालं, जणू बढतीच! याला बढती समजणं हा महिला फुटबॉलचा अपमान आहे, असं त्यांनी ठणकावलं. त्या वर्षीचा फिफाचा पुरस्कार त्यांनाच मिळाला.

भारतीय महिला संघाला पहिली महिला मुख्य प्रशिक्षक, गोव्याच्या मेमोल रॉकी, मिळायला २०१७ उजाडलं. वस्तीत मुलींचा संघ काढणाऱ्या गटांनी खेळ सुटलेल्या मोठ्या मुलींना आधी विचारावं. प्रशिक्षण वर्गाची फी, प्रवास आणि तेवढे दिवस घरचं कोण बघणार, हे ठरवूनच त्यांना पाठवावं.