उभ्यानं पाहिलेलं नाटक



आम्ही दोघी एकाच तालुक्यातल्या. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून वर्षभर लंडनला शिकून आलो. तिथल्या कॉलेजबद्दल तुम्ही पुष्कळ विचारलंत. आज तिथे पहिल्यांदा पाहिलेल्या नाटकाबद्दल सांगणार आहोत.

नऊ महिने आम्ही नाट्यगृहाची पायरी चढलो नव्हतो. पैसे मोजके, आणि नाटक म्हणजे बड्या लोकांची हौस असं वाटायचं. मग २०२२ च्या उन्हाळ्यात वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं, की थेम्स नदीकाठच्या ग्लोब नाट्यगृहात उभं राहून पाहायचं तिकीट ५ पौंडांपासून मिळतं. म्हणजे साधारण ५०० रुपये. आठवडाभर डबा घरून नेला आणि तिकिटं काढली.

शेक्सपिअरची नाटकं जिथे व्हायची, ते ग्लोब १५९९ सालचं. १६१३ मध्ये नाटकात तोफ उडवली, ठिणगी छपराच्या गवतावर पडली आणि सगळं जळालं. त्याच्यासारखंच बांधलेलं आताचं ग्लोब १९९७ पासून सुरू आहे. लाकडी, गवतानं शाकारलेलं, मधलं अंगण मात्र उघडं. भोवती तीन मजल्यांवर बाकं, त्यांचं तिकीट महाग. अंगणात उभं राहणं स्वस्त, पण रंगमंचाला हात लागेल इतक्या जवळ तेच लोक! प्रयोग चालू असताना खाली बसायचं नाही, पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही. मागच्यांना दिसायला हवं ना!

नाटक होतं ‘किंग लिअर’. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ची प्रेरणा हेच नाटक. म्हातारा राजा तीन लेकींना विचारतो, माझ्यावर कुणाचं किती प्रेम, बोला. त्यावर राज्याचा वाटा ठरणार. थोरल्या दोघी गोड बोलून वाटा घेतात. धाकटी खरं आणि मोजकं बोलते. तिला काहीच मिळत नाही.

राजाचं काम कॅथरिन हंटर या बाईंनी केलं. शेक्सपिअरच्या काळी बायकांना रंगमंचावर चढू देत नसत, राण्यासुद्धा मुलगेच व्हायचे. आपल्याकडे बालगंधर्वही स्त्रीभूमिका करायचे. इथे साठी ओलांडलेली बाई राजा झाली होती, आणि थोड्याच वेळात आम्ही ते विसरूनही गेलो. जुनं इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं. पण म्हातारा वादळात उघड्यावर पडतो, तिथे शब्द लागले नाहीत. पाय दुखत होते, तरी कुणी हललं नाही.

त्या रात्री बसमध्ये आम्ही एकाच गोष्टीवर बोलत होतो. आमच्यातल्या एकीच्या घरी तेव्हा हक्कसोडपत्र तयार होतं. “भावावर माया असेल तर सही कर,” असं फोनवर सांगितलं जात होतं. लिअर राजा म्हणतो, प्रेम बोलून दाखव आणि वाटा घे. आपल्याकडे म्हणतात, प्रेम असेल तर वाटा सोड. दोन्हीकडे लेकीची माया तराजूत घालतात.

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. तो सोडायचा की ठेवायचा हे तिनं ठरवायचं, माहेर तुटेल या धाकानं नाही. आमच्या मैत्रिणीनं अजून सही केलेली नाही. भावाला राखी मात्र बांधली. बोलणं चालू आहे. सोपं नाही ते.

मैत्रिणींनो, तालुक्याला नाटक आलं तर गटानं मिळून जा. सगळ्यात स्वस्त तिकीट कोणतं, हे विचारायला लाजू नका. गावच्या जत्रेत नाटक असेल तर बायकांची जागा मागे कशाला? पुढे मागून घ्या. आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं बोला: यातलं आपल्या घरात काय घडतं? घरच्या माणसांसमोर जे बोलता येत नाही, ते नाटकातल्या माणसांबद्दल बोलता बोलता तोंडावर येतं.

तुम्ही पाहिलेलं पहिलं नाटक कोणतं, ते आम्हाला नक्की कळवा.