साठा आणि त्याचा हिशेब



तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना लागणाऱ्या पापनाशम येथे नायक राजवटीतील विटांचे प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. कोठाराची कसोटी केवळ आकारमानात नसते. दाराशी गाड्या खोळंबून न ठेवता आवक-जावकीचा हिशेब ठेवण्यात ती असते. संगणकीय साठवणीचेही असेच आहे.

जवळच तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते व मोडी कागद आहेत. अशा संग्रहातील ए-४ आकाराचे एक रंगीत पान, दर इंचास 300 बिंदू या घनतेने, संक्षेप न करता साठविल्यास सुमारे 26 मेगाबाइट जागा व्यापते. दहा लाख पानांना 26 टेराबाइट लागतील. जागा विकत मिळते. अडचण निराळीच आहे. शेकडो अभ्यासकांनी एकाच वेळी पाने मागितली, की प्रत्येक मागणीमागे फाइलचे नाव शोधणे, परवानगी तपासणे, डिस्कवरील जागा ठरविणे, बदलाची नोंद करणे ही कामे उद्भवतात. हा सारा हिशेब म्हणजेच फाइल सिस्टीम. सामान्य सर्व्हरमध्ये तो प्रोसेसरवर चालणारे सॉफ्टवेअर ठेवते आणि माहिती त्याच सामाईक मेमरीतून पुन्हा पुन्हा ये-जा करते. गर्दी होते ती तिथे.

ब्रिटनमध्ये 1998 साली स्थापन झालेल्या ब्लूआर्क कंपनीने हे नेहमीचे काम एफपीजीए चिप्सवर सोपविले. नेटवर्क, फाइल सिस्टीम व डिस्क यांसाठी स्वतंत्र मंडले; एका मंडलात एक मागणी असताना पुढच्यात दुसरी. क्वचित उद्भवणारी, गुंतागुंतीची कामे मात्र साध्या प्रोसेसरकडेच राहिली, आणि ते शहाणपणाचे होते. एफपीजीएची अंतर्गत जोडणी नव्याने भरता येते, म्हणून चूक आढळल्यास चिप फेकावी लागत नाही. तथापि सॉफ्टवेअरच्या मानाने दुरुस्ती कष्टाचीच.

2011 मध्ये ही कंपनी हिताची डेटा सिस्टिम्सने विकत घेतली. ग्राहकाच्या दृष्टीने प्रश्न इथे उभा राहतो. अशा यंत्रातील डिस्क काढून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला जोडली, तर तिच्यावरील मांडणी त्याला वाचता येईलच असे नाही. नेटवर्कवरून एनएफएससारख्या सर्वमान्य पद्धतीने फाइली मिळतात, पण यंत्र चालू असेपर्यंतच. म्हणून सार्वजनिक दप्तरखान्याने वेगाचे दर मागवितानाच, संपूर्ण साठा खुल्या स्वरूपात बाहेर काढण्यास किती दिवस लागतील हे निविदेत लिहून घ्यावे, आणि दुसरी प्रत निराळ्या बनावटीच्या यंत्रावर ठेवावी.